तिसरं भोक

तळ्याच्या राखणदाराच्या कोटाचं मधलं बटण लागत नव्हतं आणि त्याचा राग तो सकाळपासून मासे धरणाऱ्यांवर काढत होता. गणवेशाचा हा नवा कोट अंगावर चढून पाच महिने झाले होते. पोट आत ओढायचं, श्वास धरायचा, बटण अडकवायचं. शिट्टी फुंकायला छाती भरली रे भरली, की बटण सुटलंच. बायकोनं एकदा त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचं रात्रीचं जेवण निम्म्यावर आणलं. पाच महिने तो अर्धपोटी झोपत होता आणि कोट काही सैल व्हायचं नाव घेत नव्हता.

बागेतलं तळं तसं लहानसं, पण नियम समुद्राला पुरतील एवढे. फाटकाशी पाटीच होती. परवान्याशिवाय गळ टाकायचा नाही. एका माणसाला एकच गळ. होड्यांच्या धक्क्यापाशी बसायचं नाही. आणि अठरा इंचांहून मोठा मासा लागला तर लगेच पाण्यात सोडायचा, कारण मोठ्या माद्यांवरच सगळं तळं चालतं. बादलीत गेला तो मासा ठेवला असं धरलं जाई. नियम मोडला की परवान्याच्या कार्डाला पंचनं एक भोक. तीन भोकं पडली की कार्ड जमा, आणि मग वर्षभर गळाला हात लावायचा नाही.

राखणदाराच्या व्याह्यांच्या कार्डाला दोन भोकं पडलेली होती.

हे व्याही म्हणजे मास्तर. चाळीस वर्षं त्यांनी टेलरिंगचं दुकान चालवलं आणि गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा बंद केलं. त्यानंतर घरी बसून त्यांनी शिवलेलं मोठं काम एकच, व्याह्यांचा हा कोट. आता लेकीच्या सासऱ्यांनी प्रेमानं शिवलेला कोट घट्ट होतो, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? राखणदारानं सगळा दोष आपल्या पोटाला दिला आणि गप्प बसला.

मास्तरांचं पहिलं भोक दोन गळांबद्दल. दुसरा गळ नुसता वाळत घातला होता, असं त्यांचं आजही म्हणणं होतं. दुसरं भोक होड्यांच्या धक्क्यापाशी बसल्याचं. ते पडलं त्या दिवशी राखणदाराला लेकीचा फोन आला होता.

"बाबा, तिसरं भोक पाडू नका. ते घरात असले की उशीच्या अभ्र्याची शिवणसुद्धा उलटून बघतात. माझा एक ड्रेस त्यांच्या नजरेतून सुटलेला नाही. तळ्यावर असतात तेवढाच वेळ आम्ही मोकळा श्वास घेतो."

"नियम तो नियम," राखणदार तेव्हा ऐटीत म्हणाला होता. तेव्हा ऐट परवडत होती.

आज अकराच्या सुमाराला मास्तरांचा गळ असा वाकला की शेजारचे दोघे आपापले गळ सोडून बघायला आले. बराच वेळ ओढाताण चालली. शेवटी मास्तरांनी मासा ओल्या पोत्यावर घेतला, गळ्यातली पिवळी टेप काढली, तोंडापासून शेपटीपर्यंत लावली, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले आणि समाधानानं मासा पाण्याच्या बादलीत सोडला. ही टेप नवीकोरी होती. दुकान बंद झालं तेव्हा सुनेनं, म्हणजे राखणदाराच्या लेकीनं, ती त्यांना भेट दिली होती.

राखणदारानं हे सगळं वीस पावलांवरून पाहिलं. मासा अठराच्या वर होता. अकरा वर्षं मासे मोजणाऱ्याला त्यासाठी पट्टी लागत नाही. त्यानं मान वळवली आणि बदकांच्या दिशेनं चालायला लागला. बदकांकडे बघणं हाही कामाचाच भाग होता. पण चार पावलांवर त्याला पोस्टमन आठवला. गेल्याच आठवड्यात अर्ध्या इंचासाठी त्यानं पोस्टमनच्या कार्डाला भोक पाडलं होतं आणि पोस्टमन एक अक्षर न बोलता निघून गेला होता. राखणदार जागच्या जागी थांबला, स्वतःला दोन शिव्या घातल्या आणि मागे फिरला.

"मास्तर, मासा जरा पट्टीवर घेऊ या."

"घ्या ना. साडेसतरा आहे."

राखणदाराची मोजपट्टी म्हणजे एक लांब फळी. एका टोकाला आडवा ठोकळा, अठरा इंचांवर लाल रेघ. ठोकळ्याला माशाचं तोंड टेकवलं तर शेपूट रेघेच्या अर्धा इंच पलीकडे गेली.

"साडेअठरा," राखणदार म्हणाला. "वाद नंतर घालू. आधी याला पाण्यात सोडा."

मास्तरांनी मासा दोन्ही हातांनी उचलून तळ्यात सोडला. तो क्षणभर काठाशी थबकला आणि खोल पाण्यात निघून गेला. मग मास्तर वळले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"तुमची फळी खोटी आहे, व्याही. कार्ड गेलं तर जाऊ दे, पण माप चुकलं हे मी ऐकून घेणार नाही. चाळीस वर्षांत माझ्या मापाला कुणी बोट लावलेलं नाही."

"मग टेप लावा फळीला. लाल रेघ कुठे येते ते बघू."

मास्तरांनी टेप ठोकळ्याला टेकवली, ताणली आणि रेघेवर नख ठेवलं. "ही बघा. सतरा."

राखणदारानं वाकून पाहिलं. वाकताना बटण पुन्हा सुटलं. "मास्तर, इथं अठरा छापलंय."

"हो, अठराच. त्यातून एक वजा."

"का?"

"का म्हणजे काय? पहिला इंच..." मास्तरांचं बोलणं तिथंच थांबलं. त्यांनी टेपचं सुरुवातीचं टोक हातात घेतलं आणि बराच वेळ बघत राहिले. मग पोत्यावर बसले.

"माझ्या जुन्या टेपचा पहिला इंच इस्त्रीखाली जळाला होता," ते हळूच म्हणाले. "दुकान काढलं त्याच वर्षी. तेवढा तुकडा कापून टाकला. टेप एकपासून सुरू व्हायची, म्हणून प्रत्येक मापातून एक वजा करायचा. चाळीस वर्षं करत आलो. डोकं आपोआप करतं. या टेपला पहिला इंच आहे, हे बघितलंच नाही मी."

 मास्तर बोटांवर काहीतरी मोजत होते आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. "म्हणजे सुनेच्या खोलीचे पडदे..." ते म्हणाले, आणि त्यांची नजर राखणदाराच्या सुटलेल्या बटणावर गेली. "उभे राहा. हात वर करा."

राखणदार हात वर करून उभा राहिला. मास्तरांनी छातीभोवती टेप फिरवली आणि या वेळी छापलेला आकडा दोनदा वाचला.

"एक इंच कमी. पाच महिने तुम्ही हा कोट असाच घालताय? बोलला का नाहीत?"

"व्याही आहात. कसं बोलायचं?"

"अहो, मी आधी टेलर आहे, मग व्याही! तुम्ही पहिल्याच दिवशी बोलला असतात तर टेप तेव्हाच सापडली असती."

हे राखणदाराला चांगलंच लागलं, कारण ते खरं होतं. पण त्याच वेळी आपण लठ्ठ झालेलो नाही हेही त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला भर उन्हात इतकी भूक लागली की काही विचारू नका. पाच महिन्यांची अर्धी ताटं डोळ्यांसमोरून सरकली. आधी त्याला हसू फुटलं, मग मास्तरांनाही. शेजारचे दोघे तर केव्हापासून तोंड फिरवून हसत होते.

हसणं ओसरल्यावर मास्तरांनी खिशातून कार्ड काढलं.

"मारा भोक."

"मास्तर, चूक टेपची..."

"टेपची नाही, माझी. टेप चुकली असं मी गिऱ्हाइकाला कधी सांगितलं नाही, आता तळ्याला सांगू? मारा."

राखणदारानं पंच दाबला. तो बारीकसा आवाज त्याला अजिबात आवडला नाही. मास्तरांनी गळ गुंडाळला, बादली रिकामी केली आणि पाण्याकडे पाठ करून चालू लागले. वर्षभर आता काय करणार हा माणूस, असं राखणदाराच्या मनात आलं. मग लेकीचा आवाज आठवला आणि वर्षभर ती काय करणार, हेही आलं.

"मास्तर, थांबा," तो म्हणाला. "सुट्टीच्या दिवशी फाटकावर मासे मोजायला रांग लागते. मी एकटा पुरत नाही आणि प्रत्येक जण भांडतो. गळाला हात लावायचा नाही, एवढंच नियमात आहे. टेपबद्दल काही लिहिलेलं नाही."

मास्तर वळले. "जुनी टेप चालेल?"

"ती तर हवीच."

"मग कोट काढा आधी. शिवणीच्या आत एक इंच कापड दाबून ठेवलंय. मी नेहमीच ठेवतो."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मास्तर फाटकापाशी स्टुलावर बसले होते. गळ्यात एकपासून सुरू होणारी, कडा झिजलेली टेप. रांगेत पोस्टमन होता, त्याचा मासा पुरता पसरलेला नव्हता. "शेपूट सरळ करा," मास्तर म्हणाले, "मी आणखी कुणाचं माप चुकवणार नाही." अधूनमधून ते तळ्यावरच्या गळांकडे बघत आणि एक उसासा टाकून पुढच्या माशाकडे वळत. सकाळीच लेकीनं फोन करून सांगितलं होतं की घर शांत आहे आणि नव्यानं शिवलेले पडदे जमिनीला टेकलेत.

पलीकडच्या काठावर कुणीतरी दोन गळ टाकले. भरपेट जेवलेल्या राखणदारानं छाती भरून शिट्टी फुंकली आणि बटण जागचं हललं नाही.