इन्व्हर्टरवरचा दिवा

शलाकाने फोनवर सरळ सांगितलं, की आधी घराचं सगळं वायरिंग तपासून घ्या, मगच मी संहिताला घेऊन येते. संहिता माझी नात. नुकती रांगायला लागली आहे आणि दिसेल त्या भोकात बोट घालते. माझी बायको इंदिरा गेली तेव्हा शलाका पोटुशी होती. त्या दिवसांत ती इथे असताना फ्रिजच्या बोर्डातून ठिणगी उडाली होती, ते तिच्या डोक्यातून गेलेलं नाही.

"इलेक्ट्रिशियनशी मी स्वतः बोलणार, बाबा. तो ठीक म्हणाला तर आपल्या घरी, नाहीतर देवासला सासरीच उतरेन."

मी नातीला अजून मोबाइलवरच पाहिलं आहे. बारशाला बंगलोरला गेलो नाही. तब्येतीचं कारण सांगितलं होतं. खरं कारण असं, की गावाला जायचं तर घराचा मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करून जावं लागतं, आणि मला ते करायचं नव्हतं.

इंदिरा वारली ती आतल्या खोलीत. तिला जिथे ठेवलं होतं तिथे जमिनीवर दिवा लावायचा, तेराव्यापर्यंत तो जाऊ द्यायचा नाही, असं गुरुजींनी सांगितलं. उन्हाळा होता, घर माणसांनी भरलेलं, पंखे चालू. तेलाची वात सारखी फडफडत होती. म्हणून मी जोडीला झिरोचा एक बल्ब लावला. खोलीतला पॉइंट लांब होता, तेव्हा घरात पडलेली घंटीची वायर जोडून ती सतरंजीखालून नेली. पॉइंट इन्व्हर्टरचा, त्यामुळे वीज गेली तरी दिवा राहायचा. तेराव्याला तेलाचा दिवा गुरुजींच्या सांगण्याप्रमाणे शांत केला. बल्बचं काय करायचं ते कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पाहुणे गेले, बल्ब राहिला.

इलेक्ट्रिशियन देवदत्तचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. आपला मराठीच, पण बोलणं पक्कं इंदौरी. शलाकाचा फोन झाल्यावर मी त्याला गाठलं, पण दिवस काही मी ठरू दिला नाही. एकदा खजरान्याला गणपतीच्या दर्शनाला जायचंय म्हणालो, एकदा बेटम्याला लग्न आहे म्हणालो. शेवटी तोच सकाळी स्कूटर लावून दारात उभा राहिला. शलाकाने त्याचा नंबर कुठून मिळवला कोण जाणे. म्हणाला, ताईचा फोन होता, आज नाही केलं तर ती मला सोडणार नाही.

त्याने एकेक बोर्ड उघडला. फ्रिजच्या बोर्डातला सॉकेट काळा पडला होता, तो बदलला. गीझरला अर्थिंग नव्हतंच, ते दिलं. आतल्या खोलीचं दार मी ओढून घेतलं होतं आणि बाकीचं आधी करून घे म्हणत त्याला फिरवत होतो. चहा दिला, मग पोहे दिले. ते संपवून तो म्हणाला, आता मेन पाडतो, सगळी लाइन चेक करायची आहे. मेन पडला, फ्रिज थांबला. देवदत्तने जाऊन आतलं दार उघडलं.

"काकाजी, मेन तर मी पाडला न, मग हा लट्टू कसा जळून राहिला?"

बल्ब इन्व्हर्टरवर आहे, म्हणालो. तो खाली बसला आणि त्याने सतरंजी उचलली. जोडावरची टेप सुटली होती, तांबं उघडं पडलं होतं. रांगणाऱ्या मुलीचा हात जिथे पहिला पडेल, बरोबर तिथे. त्याने टेस्टर लावला आणि तो पेटलेला मला दाखवला. हे काम कुठल्या उस्तादाचं, असं विचारून माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग मी त्याला सगळं सांगितलं.

तो वायरचा माग काढत पॉइंटपर्यंत गेला. मग म्हणाला, ताईला खोटं सांगता येणार नाही, ही वायर निघालीच पाहिजे. पण वर भिंतीवर नवा पॉइंट काढून देतो, पाइपातून, मुलीचा हात पोचणार नाही. दिवा राहील, जन्मभर राहील.

मी त्या भिंतीकडे पाहिलं. तिथे इंदिरा कधीच नव्हती. ती खाली होती.

"नको," म्हणालो.

"तसं काकू असत्या न काकाजी, तर दिवसाढवळ्या लट्टू चालू पाहून आपल्या दोघांना बोलल्या असत्या. मागे मी तुमच्याकडे पंखा लावून राहिलो होतो, तर खाली उतरायच्या आत त्यांनी ट्यूबलाइट बंद केली. मी शिडीवर, अंधारात."

हे खरं होतं. खोलीत माणूस नाही तर दिवा कशाला, असं म्हणत ती माझ्या मागे बटणं बंद करत फिरायची. मला हसू आलं आणि मग जरा वेळ बाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

आत आलो तेव्हा देवदत्त पकड हातात घेऊन थांबला होता. मी त्याला थांब म्हटलं आणि पॉइंटचं बटण मीच बंद केलं. दुपार होती, खिडकीतून ऊन आत आलेलं. खोली होती तशीच दिसत होती. बल्ब काढून इंदिरा जिथे जादा बल्ब आणि मेणबत्त्या ठेवायची त्या खणात ठेवला. देवदत्तने वायर गुंडाळून पिशवीत टाकली, इन्व्हर्टर बंद करून राहिलेली लाइन तपासली, मेन आणि इन्व्हर्टर परत चालू केले आणि शलाकाला फोन लावला. सगळं ठीक आहे म्हणाला. बल्बचं नाव काढलं नाही. मग फोन माझ्या हातात दिला.

"बाबा, आतली खोलीपण पाहिली ना त्यांनी? आम्ही तिथेच झोपू."

"पाहिली," मी म्हणालो. "कधीची तिकिटं काढतेस?"

तिने तारीख सांगितली. स्टेशनवर मी येईन म्हणालो. देवदत्त गेल्यावर सतरंजी झटकून पुन्हा तिथेच अंथरली, आणि खोलीतून निघताना पंखा बंद केला.