मागच्या सीटची झालर

गाड्यांच्या त्या वर्कशॉपमध्ये तिला सगळे नकारमॅडम म्हणत, अर्थात पाठीमागे. वॉरंटीचं टेबल तिचं. गिऱ्हाईक तावातावाने यायचं, गाडीचा आवाज स्वतःच्या तोंडाने काढून दाखवायचं, आणि सगळं शांतपणे ऐकून घेऊन ती सांगायची की हे वॉरंटीत बसत नाही. हायब्रिड गाड्या आल्यापासून तर तिला मान वर करायला फुरसत नव्हती. गाडी थोडी पेट्रोलवर, थोडी बॅटरीवर, म्हणून तक्रारीही दुप्पट. कुणी गाडी फार घरघरते म्हणून भांडायचं, तर कुणी ती सुरू झाल्याचं कळतच नाही म्हणून.

परक्यांना नाही म्हणणं तिला कधी जड गेलं नाही. या खेपेला मात्र तक्रार घरचीच होती. मामांची, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या मामांची.

निवृत्त झाल्यावर मामांनी हौसेने हायब्रिड घेतली होती. आधी गाडीचं कौतुक सांगून त्यांनी नातेवाइकांना नको नको केलं, आणि मग तक्रारी सांगून. चढ आला की गाडी मलूल व्हायची, समोर पिवळा दिवा लागायचा, मागून कसलीशी घरघर यायची.

"फसवलं मला!" ते फोनवर गरजायचे. "बॅटरीच खराब दिलीय. वॉरंटीत नवी घेतल्याशिवाय मी गप्प बसणार नाही, सूनबाई. तू तिथे आहेस म्हणून काय झालं?"

गाडी तपासायला आली त्या दिवशी फोरमनने तिला हाक मारली. त्याने मागचा दरवाजा उघडला होता. या गाडीची बॅटरी मागच्या सीटखाली असते. तिला गार ठेवायला एक पंखा असतो आणि तो हवा ओढतो सीटच्या कडेला असलेल्या छोट्या जाळीतून. ती जाळी दाखवायला फोरमनला आधी झालर वर करावी लागली. सीटवर निळ्या जाड कापडाचं, आत कापूस भरून टाचलेलं कव्हर होतं आणि त्याला खाली हातभर लोंबणारी झालर. जाळी तिच्याखाली पार गुदमरली होती. पंख्यात कापसाचा हा एवढा बोळा.

"बॅटरी ठणठणीत आहे," फोरमन म्हणाला. "पंखा गेलाय. पण हे वॉरंटीत बसणार नाही, मॅडम. कव्हर कुणी शिवलं हो? काम मात्र एक नंबर आहे."

कुणी शिवलं हे तिने टाके बघताच ओळखलं होतं. तिच्या सासूबाईंनी.

सासूबाईंचा सगळा जन्म शिलाई मशीनवर गेला होता. उघडी वस्तू म्हणून त्यांना बघवत नसे. मिक्सरला कव्हर, रिमोटला कव्हर, कव्हरं ठेवायच्या खोक्यालाही कव्हर. मग सासरे गेले आणि एक दिवस त्यांनी मशीनवरच कव्हर घातलं. ते कित्येक महिने निघालं नाही. भावाने गाडी घेतली तेव्हा कुठे निघालं. त्या संध्याकाळी कामावरून परतताना तिला जिन्यातच मशीनचा आवाज ऐकू आला होता आणि ती पायरीवर बसून चक्क रडली होती. आता या कव्हरानेच गाडी बिघडवली असं सांगायचं? मशीन पुन्हा झाकलं गेलं तर?

तिने मामांना फोन करून खरं ते सांगितलं. मामांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"ताईला कळता कामा नये," ते म्हणाले. "पंख्याचा खर्च माझा. कव्हर डिकीत ठेवतो, ताई गाडीत बसणार असली की चढवतो."

"आणि तुमची तक्रार?"

"मागे घेतली. सांग तिला, मामाचा राग निवला म्हणून."

दोघांच्या मते बेत अगदी चोख होता. पण घसा फुटेस्तोवर ओरडणारा माणूस एका रात्रीत निवला, हे त्याच्या सख्ख्या बहिणीला पटणार कसं? कंपनीने भावाला दमदाटी केली, असाच सासूबाईंनी अर्थ लावला. दुसऱ्या दिवशी त्या कंबर कसून थेट वॉरंटीच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"माझा भाऊ भोळा आहे. तुम्ही लोकांनी त्याला दाबलंत."

"आई, तुम्ही बसा ना. पाणी देऊ?"

"इथे मी तुझी आई नाही, गिऱ्हाईक आहे. त्याची बॅटरी का नाही बदलत?"

मागे थांबलेल्या गिऱ्हाइकांच्या रांगेत एकदम जान आली. "बरोबर बोलताय, आजी!" कुणीतरी म्हणालं.

"तांत्रिक कारण आहे, आई."

"माझ्याकडे कुणाची शिवण उसवली तर मी तांत्रिक कारण सांगते का? नीट सांग."

आता थापा मारण्यात अर्थ नव्हता. ती उठली, सासूबाईंना गाडीपाशी घेऊन गेली, झालर वर केली आणि काय झालं ते एका दमात सांगून टाकलं.

सासूबाई वाकल्या. त्यांनी जाळीवर तळहात ठेवून पाहिला.

"हवा इथून जाते?"

"हो."

"माप घेताना हाताला लागली होती ही. मला वाटलं, गाण्याचा स्पीकर असेल. म्हटलं, उघडा कशाला ठेवायचा." त्या सरळ झाल्या. "तुला कधी कळलं?"

"काल."

"आणि त्याला?"

"मामांनाही कालच."

आता या रडणार, असं वाटून ती पुढे सरकली. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी होतंच, पण ते रागाचं.

"आयुष्यभर बायका येऊन मला सांगत आल्या, इथे घट्ट होतंय, तिथे लोंबतंय. मी उसवलं, परत शिवलं. त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. आणि हे गेल्यापासून एक माणूस मला धड काही बोलत नाही. भाजी खारट झाली तरी तुम्ही दोघं नवरा-बायको मिटक्या मारत खाता. मला काय जीभ नाही? तुझे सासरे गेले गं. मी आहे ना अजून!"

सगळ्या जगाला बेधडक नाही म्हणणारी ती, घरात मात्र इतके दिवस नुसतं छान, छान करत राहिली होती. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"आता सांग," सासूबाई म्हणाल्या. "अजून काय काय लपवलंयस?"

तिने थोडा विचार केला. मग धीर केला.

"हा ड्रेस."

"मी शिवलेला? त्याला काय झालं?"

"बगलेत काचतो. हात वर करता येत नाही. आणि गळा मोठा झालाय, आई. मी आतून पिन लावून घालते."

सासूबाईंनी तिथल्या तिथे तिच्या गळ्याची पट्टी उलटून पाहिली. पिन होती. फोरमन घाईघाईने दुसऱ्या गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभा राहिला.

"माप देताना तूच वाकडी उभी राहिली असशील," सासूबाई म्हणाल्या. आवाज वर्कशॉपभर घुमला.

"मुळीच नाही! तुम्ही चष्मा न लावता माप घेतलंत!"

त्यावर सासूबाईंनी जे तोंड सोडलं, ते घरी पोचेपर्यंत बंद केलं नाही. आणि सूनही त्यांना शब्दाला शब्द देत राहिली.