बिनरजेची चवथ

शेवंती गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या लाकडी चौकटीवरची वर्षभराची धूळ ओल्या फडक्यानं पुसत होती. चवथ तोंडावर आली आणि घरात कांगल्यांच्या रानफळांचा एक घोससुद्धा आला नव्हता, म्हणून ती मनातल्या मनात नातवाला बोल लावत होती. तेवढ्यात तोच नातू, सिद्धेश, अंगणात मोटरसायकल उभी करून हेल्मेट काढायच्या आधीच म्हणाला, "आजी, इलो गो तुझ्या बापाशीचो कागद."

तिच्या हातातलं फडकं बादलीत पडलं.

लिफाफा चांगला जाडजूड होता. सिद्धेशला तो तिथल्या तिथे फोडायचा होता, पण मागच्या खोल्यांत भाड्यानं उतरणारी पुण्याची मंडळी पेडण्याच्या स्टेशनावर येऊन थांबली होती. संध्याकाळी निवांत बसू, सगळं इंग्रजीतलं तुला उलगडून सांगतो, असं म्हणत त्यानं लिफाफा देव्हाऱ्याच्या कट्ट्यावर ठेवला आणि आला तसा गेला. जाताना शीळ घालत होता. आजीच्या पुढ्यात आपण काय ठेवून चाललो, याची त्या बिचाऱ्याला कल्पना नव्हती.

शेवंतीचा बाप शांताराम दुसऱ्या महायुद्धात पलटणीत होता. मांद्र्याहून निघून, पोर्तुगीज गोव्याची सरहद्द ओलांडून, बेळगावला जाऊन भरती झाला आणि ब्रह्मदेशात मारला गेला. एवढं गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. आता गावच्या तरुणांनी शाळेपाशी गावातल्या सैनिकांच्या नावांचा फलक बसवायचं ठरवलं होतं. सिद्धेश त्यात सगळ्यांच्या पुढे. त्यानं पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज केला, पत्रांमागून पत्रं पाठवली, फोन करून तिथल्या माणसांना भंडावून सोडलं. शेवंतीनं त्याला परोपरीनं सांगितलं की मेलेल्या माणसाच्या मागे कशाला लागायचं. तो हसला. भरती कधी झाला, कुठे होता, रजेवर घरी कधी आला, सगळं तारीखवार लिहिलेलं असतं, म्हणाला. तेव्हापासून पोस्टमन दिसला की ती आत निघून जायची.

कारण शांताराम बेचाळीसच्या शिगम्यानंतर जो गेला, तो पुन्हा मांद्र्यात कुणाला दिसला नव्हता. आणि शेवंती जन्मली पंचेचाळीसच्या वैशाखात.

ती जन्मभर अंगणवाडीत मदतनीस होती. गावातल्या पोटुश्या बायकांचे महिने मोजण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. स्वतःचा हिशोब तर तिनं परकर नेसायच्या वयातच करून ठेवला होता. तो तिला करायला लावला शेजारणीनं, कमलाक्षीच्या आईनं. विहिरीवर सगळ्या बायकांदेखत ती म्हणाली होती, हिच्या बापाला भारीच लांबून मूल झालं. बायका हसल्या. शेवंती कळशी तिथेच टाकून घरी पळाली आणि तिनं आईला तोंडावर विचारलं.

तिची आई पार्वती तेव्हा आधणात तांदूळ वैरत होती. तिनं मान वर केली नाही. "तुझो बापूस चवथीक इल्लो," एवढंच म्हणाली. "आतल्या कुडीत लिपान ऱ्हवलो. कोणाक सांगू नको म्हणून आण घातल्यान."

कुणी बघितलं होतं त्याला? फक्त पार्वतीच्या सासूनं, आणि ती त्याच वर्षी थंडीत वारली. लपून राहायला त्यानं काय चोरी केली होती? त्याचं उत्तर आईनं दिलं नाही. मुलीच्या समाधानासाठी आईनं रचलेली गोष्ट, असं शेवंतीनं मनाशी ठरवून टाकलं, आणि आईला ते तिच्या डोळ्यांत दिसलं. त्यानंतर त्या दोघींत हा विषय कधी निघाला नाही. फक्त दर चवथीला, सगळ्यांची जेवणं व्हायच्या आधी, पार्वती केळीचं एक पान वाढून आतल्या अंधाऱ्या खोलीत ठेवायची आणि दार ओढून घ्यायची. आई गेल्यावर शेवंतीनंही तो रिवाज चालवला. विश्वास होता म्हणून नव्हे, आईचा होता म्हणून.

लग्न झालं तेही दूरच्या लाटंबार्सेच्या माणसाशी, म्हणजे इथलं काही कानावर नसलेल्याशी. तो घरजावई म्हणून राहिला, सुखानं नांदला आणि सुखानं गेला. त्याच्या कानावर कुणी काही घालेल, या धास्तीत तिनं सगळा संसार केला. आता ऐंशीव्या वर्षी ती धास्ती नातवानं स्वतःच्या हातानं, रजिस्टर पोस्टानं घरात आणली होती.

दुपारी जेवण काही गेलं नाही. लिफाफा देव्हाऱ्याजवळ बरा वाटेना म्हणून तिनं तो उचलून कपाटात ठेवला. कपाटात असला तर आपल्याला दिसत नाही, पण असतोच, म्हणून परत काढला. शेवटी ती तो घेऊन न्हाणीघरात गेली. पाहुण्यांसाठी पाणी तापत होतं. चुलीत नारळाची सोडणं चांगली पेटली होती. पोस्टातला कागद उंदरानं नेला, पावसात भिजला, काय वाटेल ते सांगता आलं असतं. तिनं लिफाफ्याचं टोक जाळावर धरलं. कडा काळी पडली, वास सुटला, आणि तिच्या मनात आलं की आईला आपण एकदा खोटं ठरवलंच आहे, आता तिचा साक्षीदारही जाळायला निघालो. तिनं झटकन हात मागे घेतला आणि पदरानं लिफाफा विझवला. पण जाळला नाही म्हणून काही धीर आला असं नव्हे. तिनं तो परत देव्हाऱ्याच्या कट्ट्यावर नेऊन ठेवला.

दिवेलागणीला सिद्धेश सोप्यावर येऊन बसला. लिफाफ्याचं करपलेलं टोक बघून त्यानं भुवया उंचावल्या. शेवंतीनं समईचं नाव पुढे केलं. शांतारामचं नाव बरोबर होतं, त्याच्या बापाचं नाव बरोबर होतं, गाव लिहिताना मात्र त्या साहेबानं घोळ घातला, असं तो मजेत सांगत होता. ती खांबाला टेकून बसली होती. भरतीची तारीख आली. नाशिककडची छावणी आली. तिला मधलं काही ऐकू येत नव्हतं.

"आजी, हे आयक," सिद्धेशची छाती फुगली होती. "रजा म्हणून रकानो आसा, तो आख्खो रिकामो. माणसान सबंद नोकरीत एक दीस रजा घेवक ना. कसलो मर्द."

म्हणजे झालं. ऐंशी वर्षं जे व्हायचं राहिलं होतं ते झालं. आई खोटं बोलली होती आणि पलटणीनं ते शाईनं लिहून ठेवलं होतं. शेवंतीला वाटलं आता पोरगा बोटांवर महिने मोजेल. मग मान वर करून आपल्याकडे बघेल. तिनं डोळे मिटून घेतले.

पण तो पुढे वाचत राहिला आणि मधेच थांबला. पान उलटलं, परत मागे आणलं. तिनं डोळे उघडले तर त्याचा चेहरा उतरलेला. कागद घडी घालून तो म्हणाला की बाकी काही विशेष नाही, उद्या बघू.

आला तो क्षण, असं तिला वाटलं. आता भिण्यासारखं काही उरलं नव्हतं. "सांग रे बाबू," ती म्हणाली. "माका खबर आसा."

"तुका खबर आसा?" सिद्धेशनं खालच्या आवाजात विचारलं. "तो पळान गेल्लो म्हणून?"

तिला समजेना. मग त्यानं मान खाली घालून सांगितलं. चव्वेचाळीस साली, ऑगस्टच्या मध्यावर, शांताराम छावणीतून नाहीसा झाला. रजा मागितली होती, मिळाली नाही. सप्टेंबर लागल्यावर स्वतःच्या पायानं परत हजर झाला. कुठे गेला होता ते त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. बाहीवरची पट्टी काढून घेतली, अठ्ठावीस दिवसांची सक्त कैद दिली, आणि ती संपल्यावर थेट ब्रह्मदेशात पाठवला. "बिनरजेचो गैरहजर," सिद्धेश म्हणाला. "असल्याचा नाव फलकार कसा घालूचा? लोक हसतीत."

"त्या वर्साक चवथ कधी होती?"

"आजी, हंय चवथीचा काय..."

"फोनात बघ."

त्यानं बघितलं. बावीस ऑगस्ट.

शेवंतीनं मनाशी महिने मोजले; भाद्रपद ते वैशाख, बरोबर नऊ. ती उठली, भिंतीला धरत आतल्या खोलीपर्यंत गेली आणि उंबऱ्यावर बसली. आत आता पाहुण्यांच्या गाद्या रचलेल्या होत्या. इथेच कुठेतरी तो लपून जेवला होता. बाहेर आरत्या चालल्या असतील आणि त्यानं अंधारात बसून टाळ्यासुद्धा वाजवल्या नसतील. पोर्तुगीजांच्या मुलखात पलटणीचे शिपाई येणार नव्हते, पण बातमी जायला वेळ लागत नाही. म्हणून ती आण. तो मेल्यावरही पार्वतीनं ती गावाला मोडून दाखवली नाही. मोडली ती एकदाच, पोटच्या मुलीपुढे, आणि मुलीनं विश्वास ठेवला नाही. शेवंती पदर तोंडाशी धरून रडली. सिद्धेश घाबरून पाणी घेऊन आला, तेव्हा तिनं त्याला जवळ बसवलं आणि विहिरीपासून सगळं सांगितलं. त्यानं कागद उलगडून तारखा पुन्हा वाचल्या. मग म्हणाला की नाव फलकावर घालतो, आणि कुणी विचारलं तर पळाला होता हेही सांगतो.

चवथीच्या दिवशी माटोळी कांगल्यांनी आणि माट्टीच्या फळांनी भरून गेली. दुपारी नैवेद्य झाला. शेवंतीनं केळीचं पान पुसलं, त्यावर पातोळ्या, खतखतं, भात, सगळं नीट वाढलं. सिद्धेश सवयीनं आतल्या खोलीचं दार उघडायला गेला. तिनं त्याला थांबवलं आणि पान बाहेरच्या सोप्यावर, भर उजेडात, पाट मांडून ठेवलं. दोन्ही दारं सताड उघडी होती.

शेजारची कमलाक्षी गणपतीच्या पाया पडायला आली ती याच वेळी. तीही आता पंचाहत्तरीची, काठी घेऊन चालणारी. पान बघून ती दारात थबकली. एवढ्या पुढे कुणाचं पान मांडलंस, म्हणून तिनं विचारलं.

"माझ्या बापाशीचा," शेवंती म्हणाली. "चवथीक इलो हा."

 आपल्या आईच्या तोंडून कमलाक्षीनं काय काय ऐकलं असेल ते तिचं तिला ठाऊक. मग तिनं एका हातानं साडीचा काठ सावरला, आणि पाटावर बसलेल्या माणसाला धक्का लागू नये तशी पानाला वळसा घालून ती आत गेली.