तीस सेकंदांनंतरचा तबला

मी ‘कन्हान ध्वनी’ची वेबसाइट बोलतेय. तुम्ही मला उघडलं, तर आधी एक मोठं सरकतं चित्र दिसेल. ते सरकायचं थांबेपर्यंत खाली जाऊ नका, मध्येच बोट लागलं तर भलतंच पान उघडतं. हा दोष माझा आहे आणि तो मला ठाऊक आहे.

माझा जन्म १४ जुलै २००९ चा, सौंसरचा. भगवंतरावांचं तिथं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. या भागात कुठं शास्त्रीय गाणं झालं, की ते आपलं यंत्र घेऊन जायचे आणि ध्वनिमुद्रण करायचे. आधी त्यांनी कॅसेट काढल्या, मग सीडी. ‘कन्हान ध्वनी’ हे नाव त्यांनीच नदीवरून ठेवलं. एकूण चौसष्ट मैफिली झाल्या. प्रत्येकीची नोंद त्यांनी एका जाड रजिस्टरात केली होती. ते रजिस्टर काखेत मारून ते बसस्टँडजवळ हेमराजच्या संगणकाच्या दुकानात आले.

हेमराजनं पानं चाळली आणि कपाळाला हात लावला.

“काका, येवढं कोन वाचते? गानाऱ्याचं नाव टाकू, रागाचं टाकू, झालं.”

“तबल्यावर कोन होतं ते टाक. तानपुऱ्यावर कोन बसलं होतं तेही टाक.”

“आन् चहा कोनं देल्ला, ते बी टाकू का?”

“त्याचं नाव मी लिहून ठेवलं असतं, तं तेही टाकाले लावलं असतं.”

अशी मी झाले. पांढरी पाटी, काळी अक्षरं, चित्र एकही नाही. दिसायला मी सरकारी नोटिशीसारखी होते. अक्षरं इतकी बारीक, की फोनवर दोन बोटांनी ताणून वाचावी लागत. पण रामाकोन्यासारख्या खेड्यात नेटवर्कची एक कांडी असली तरी मी उघडायचे. प्रत्येक मैफिलीची तारीख, गाव, राग, ताल, लांबी आणि साथीदार माझ्याकडे होते. कुठल्याही नावावर बोट ठेवलं, की त्या माणसाचं सगळं वाजवणं समोर यायचं. गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकता यायचं. आवाज जरा फाटका होता, पण पूर्ण होता.

एकतिसाव्या क्रमांकाची नोंद अशी होती: १२ फेब्रुवारी १९९४, रामाकोना. गायन इंदूताई. राग पूरिया, विलंबित एकताल. तबला उत्तम गजभिये, लोधीखेडा. सत्तेचाळीस मिनिटं.

उत्तम गजभिये लोधीखेड्यात नळाचं पाणी सोडायचं काम करायचे. तबला ते ऐकून ऐकून शिकले होते. इंदूताईंचा नागपूरचा तबलजी त्या दिवशी आला नाही, म्हणून भगवंतरावांनी यांना बोलावून घेतलं. उत्तमरावांचं ध्वनिमुद्रण झालं ते तेवढंच. पुढं २००३ साली व्हॉल्व्हच्या झाकणाखाली त्यांची उजव्या हाताची दोन बोटं चेंगरली आणि वाजवणं संपलं. घरात एक कॅसेट होती. ती पांढुर्ण्याच्या एका नातेवाइकानं ऐकायला नेली आणि ती परत आली नाही.

मी झाले त्या आठवड्यात ते हेमराजच्या दुकानात आले होते. स्वतःचं नाव त्यांनी बराच वेळ पाहिलं.

“हे पुऱ्या जगाले दिसते?”

“हाव,” हेमराज म्हणाला.

“मंग माह्या साळ्याले बी दिसन. तो म्हनते, मी नुसती कातडी बडवतो.”

अशी बारा वर्षं गेली. उत्तमराव २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले. त्यांच्या पत्नी लीलाबाई यांनी त्यानंतर घरात गाणं लावू दिलं नाही.

पुढच्या वर्षी मला नवं रूप मिळालं. भगवंतराव थकले होते. त्यांचा मुलगा गजेंद्र नागपुरात असतो, त्यानं तिथल्या एका कंपनीला काम दिलं. खोटं कशाला बोलू, मला आधी आवडलं. अक्षरं मोठी झाली, फोनवर नीट बसली. आवाज स्वच्छ केला गेला, तानपुऱ्याची तार न् तार वेगळी ऐकू यायला लागली. पण कंपनीतल्या कुणी कधी बैठकीचं गाणं ऐकलेलं नसावं. त्यांनी कलाकारांची यादी अक्षरांप्रमाणे लावली, तर सगळे पुरुष ‘पंडित’ म्हणून ‘प’खाली गेले आणि सगळ्या बायका ‘विदुषी’ म्हणून ‘व’खाली. बाकीची अक्षरं रिकामी. रागांच्या जागी ‘शांत झोप’, ‘प्रवास’, ‘कामात लक्ष’ असे कप्पे आले. पूर्ण गाण्याच्या जागी तीस सेकंदांचा नमुना आला. ‘पूर्ण ऐका’ या बटणावर बोट ठेवलं, की एका दुकानाच्या पानावर जाता यायचं. ते दुकान पुढल्याच वर्षी बंद पडलं. बटण अजून आहे.

भगवंतरावांनी मला पाहिलं आणि गजेंद्रला फोन लावला.

“साथीदार कुठी गेले?”

“बाबा, ज्याहीचे फोटो नाई, त्याहीचे रिकामे चौकोन दिसून राहिले होते. बरं नव्हतं दिसत. म्हनून काढले.”

“मानूस काढला तू?”

“मानूस नाई बाबा, चौकोन काढला.”

“तो चौकोन लाव परत. रिकामा असू दे.”

गजेंद्र हो म्हणाला. तो वाईट माणूस नाही, त्याला करायचंच होतं. नोव्हेंबरात भगवंतराव गेले. त्यानंतर गजेंद्रनं मला एकदाही उघडलेलं नाही.

यंदा मार्चमध्ये एका दुपारी मला लोधीखेड्याहून कुणीतरी उघडलं. ती स्नेहा होती, उत्तमरावांची मुलगी. पांढुर्ण्याच्या डॉक्टरनं लीलाबाईंना सांगितलं होतं, की डावा कान गेला आणि उजवाही उतरणीला लागलाय. यंत्रानं बोलणं समजेल, गाणं नाही. घरी परतल्यावर लीलाबाई लेकीला म्हणाल्या, “तुह्या बाबाचा तबला लाव. अजून आयकू येते, तंवर आयकतो.”

स्नेहानं शोधाच्या चौकोनात नाव लिहिलं. मी उत्तर दिलं: काहीही सापडलं नाही, तुम्हाला हे आवडू शकेल. आणि तिच्यापुढं झोपेसाठीची बासरी ठेवली. मला लाज वाटली. तिनं मग ‘व’खाली इंदूताई शोधल्या आणि पूरिया लावला. तानपुरा सुरू झाला, इंदूताईंनी षड्ज लावला, दोन-चार स्वरांत राग दिसू लागला, आणि तीस सेकंद संपले.

या मैफिलीत तबला सुरू होतो दोन मिनिटं दहा सेकंदांनी.

“तबला काऊन नाई आला?”

“अजून सुरू व्हायचा हाय, आई.”

“मंग थांबू ना. मले कुठी जाचं हाय?”

“थांबता येत नाई. ते तेवढंच वाजते आन् बंद होते.”

“लाव बरं पुन्हा.”

अकरा वेळा लावलं. अकराव्यांदा लीलाबाई म्हणाल्या, “बाई लय चांगली गाते. मुखडा आल्याबिगर ते हात नाई लावत. बसून असन तसेच.”

ती सत्तेचाळीस मिनिटं माझ्या पोटात जशीच्या तशी आहेत. कुणी पुसलेली नाहीत. फक्त त्यांच्यापर्यंत जायची वाट पानावर ठेवलेली नाही, आणि स्वतःहून वाट काढणं मला येत नाही.

दुसऱ्या दिवशी स्नेहा सौंसरला जाऊन आली. रेडिओच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकतात. हेमराजनं कधीच गाव सोडलंय. “पोरगा नागपूरले असते म्हनतात, नंबर काई नाई आपल्यापाशी,” एवढंच कळलं. माझ्या तळाशी पूर्वी दुकानाचा फोन आणि पत्ता असायचा. तो जुनाट दिसतो म्हणून कंपनीनं काढला आणि त्या जागी निरोपाचा एक चौकोन बसवला. स्नेहानं त्यात सगळं नीट लिहिलं: वडिलांचं नाव, तारीख, गाव, आईचा कान. पाठवल्यावर मी हिरवी खूण दाखवली आणि खाली लिहिलं: धन्यवाद, आम्ही दोन दिवसांत संपर्क करू.

हे निरोप भगवंतरावांच्या ई-मेलच्या पेटीत जातात. तिथं चारशे बारा पत्रं न उघडता पडून आहेत.

नवं रूप देताना गजेंद्रनं इंटरनेटवरच्या माझ्या नावाचे काही वर्षांचे पैसे भरले होते, ती मुदत येत्या महिन्याच्या एकोणीस तारखेला संपते. कुणी वाढवली नाही, तर मी मिटेन आणि माझ्यासोबत ती मैफलही. वाचणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कुणी नागपुरातल्या गजेंद्रला ओळखत असाल, तर त्याला एवढंच सांगा: एकतीस क्रमांक. दहा मिनिटांचं काम आहे.

आज सकाळी स्नेहानं चौथा निरोप पाठवला. मी नेहमीची खूण दाखवली.

“काय म्हनते ते?” लीलाबाईंनी विचारलं.

स्नेहा त्यांच्या उजव्या बाजूला सरकली, कानाशी तोंड नेलं आणि मी लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं.