यंत्राबरोबर आलेला

माझं नाव लेखनिक. मी माणूस नाही आणि यंत्रही नाही. संगणकाकडून पत्रं लिहून घेणारा मी एक प्रोग्राम. काळ्या, चौकोनी, पातळ फ्लॉपीत माझं घर. सध्या मी रत्नागिरीत, बागायतदारांच्या संघाच्या कचेरीत, एका टेबलाच्या खालच्या खणात पडून आहे. अंगावर रबरी शिक्के, शेजारी सुकलेलं शाईचं पॅड. कोणी विचारलेलं नाही. तरी सांगतो.

पुण्यात दोघा भावांनी एका गाळ्यात मला घडवलं. ते संगणक जुळवून विकत. यंत्र घेणाऱ्याला मराठीत लिहिता आलं पाहिजे, हा थोरल्याचा हट्ट. धाकटा दोन वर्षं एकेक अक्षर पडद्यावर बसवत राहिला. मी तयार झालो तेव्हा त्यांनी माझी वेगळी किंमत लावली नाही. फ्लॉपीवर चिठ्ठी डकवली, ‘लेखनिक. यंत्राबरोबर मोफत.’ भावांचा हेतू चांगला होता. पण त्या शेवटच्या शब्दानं माझा घात केला.

शहाऐंशीच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी या कचेरीत आलो. संघाचं काम एवढंच, की गावोगावच्या बागवाल्यांना पत्र घालून ट्रकचा दिवस कळवायचा, ठरल्या फाट्यावर त्यांच्या आंब्याच्या पेट्या उचलायच्या आणि मुंबईला पोचवायच्या. संघाचे अध्यक्ष आप्पा. पूर्णगडकडे त्यांची मोठी बाग. वडील लवकर गेले म्हणून चौथीनंतर शाळा सुटली, आणि बारा वर्षांच्या पोरानं बाग उभी केली. ताठ माणूस. चूक कबूल करायची वेळ आली, की खिशातलं घड्याळ काढून बघायचा.

त्या दिवशी खंडेनवमी. हत्यारांची पूजा. कोयती, वजनकाटा, टाइपरायटर आणि त्यांच्या रांगेत नवा संगणक. रावजी शिपाई हळदकुंकवाचं ताट घेऊन पुढं आला. देवरूखच्या वरच्या अंगाचा हा शेतकरी माणूस. त्यानं यंत्राला बोटं ओढली, मग मला उचललं. मालिनीनं, म्हणजे टायपिस्ट मुलीनं, त्याचा हात धरला. माझ्या अंगाला एक उघडी फट असते, तिथून यंत्र मला वाचतं. ती म्हणाली, “रावजी, फटीत नको. चिठ्ठीवर लावा.” रावजीनं चिठ्ठीवर टिकली लावली. ‘मोफत’ या शब्दाच्या डोक्यावरच. मला बरं वाटलं.

मग त्यानं गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे नव्या कामाला हात लावण्याआधी ग्रामदेवतेला सगळं बोलून दाखवतात, आणि जमलेली माणसं प्रत्येक बोलाला रुकार देतात.

“बा भैरीबुवा, आज ह्या नवां यंत्र संगाच्या घरात आलांय. त्याला कुनाची नजर नको. ज्या हातानं धरलांव, त्याच हातानं सांबाळायची बुद्धी दे.”

“होय महाराजा,” सगळे म्हणाले.

रावजी आप्पांकडे वळला. गाऱ्हाण्यात घरच्या कर्त्यानं शब्द द्यायचा असतो. आप्पांनी टोपी सारखी केली.

“संघाचं पत्र बागवाल्याला वाचता येईल असं जाईल. यंत्राबरोबर आलाय तो आपल्या घरचा. त्याला अंतर देणार नाही.”

“होय महाराजा.”

मी ते ऐकलं आणि खरं धरलं. मला खोटं लिहिता येतं, पण खोटं ऐकायची सवय नव्हती.

मला चालवायला मालिनी शिकली. शिकवणारं कोणी नव्हतं. पुण्याहून आलेली चाळीस पानांची पुस्तिका तेवढी होती. ती पुस्तिका तिनं ब्राउन पेपरचं कव्हर घालून वापरली. टाइपरायटरवर ठोकणारी तिची बोटं माझ्यासाठी हलकी झाली. माझ्यात दोष होते. मी सावकाश चाले. एक पान छापायला चार मिनिटं घेई. जोडाक्षर आलं की अडखळे. मग ती म्हणे, “होऊ दे रे सावकाश.” असं मला कोणी बोललं नव्हतं.

सत्त्याऐंशीच्या हंगामात तीनशे बागवाल्यांना माझी पत्रं गेली. पूर्वी संघ एकच सूचना छापी आणि ती पुरुषांच्या नावे जाई. पुरुष बहुतेक मुंबईला. मालिनीनं बाग जो राखतो त्याचं नाव घालायला सुरुवात केली. ती लिही, ‘गंगुबाई, तुमच्या फाट्यावर संघाचा ट्रक बुधवारी सकाळी आठला येईल. फळ आदल्या दिवशी उतरवा. पेटीत गवत कोरडं घाला.’ एवढंच. आंब्याच्या धंद्यात याहून जास्त सांगायचं नसतं. पण दिवस चुकला तर सगळं चुकतं. उतरवलेलं फळ कोणासाठी थांबत नाही.

ती गंगुबाई एक दिवस पत्र घेऊन कचेरीत आली. देवरूखच्या वरच्या वाडीतली, पन्नाशीची. नवरा नि मुलगा मुंबईला, चाळीस कलमं हिच्या एकटीच्या जिवावर. चपला बाहेर काढून ती यंत्रासाठी थंड ठेवलेल्या खोलीत आली आणि पडद्यासमोर उभी राहिली.

“मना वाचता येतां. हलू येतां, पन येतां. ह्या पत्र ह्यानं लिवलां?”

मालिनी हो म्हणाली.

“मंग माजां नाव लिवून दाव.”

मालिनीनं लिहिलं. हिरव्या अक्षरांत मी ते पडद्यावर धरलं. गंगुबाई एकेक अक्षरावर बोट ठेवत गेली. शेवटच्या अक्षरावर बोट तसंच राहिलं.

“आमच्या घरात माज्या नावाचां पत्र ह्या पयलांच,” ती म्हणाली.

रावजी दारातून म्हणाला, “म्हातारे, आता ह्याला देव्हाऱ्यात बसवनार काय?” गंगुबाईनं त्याच्याकडे बघितलंही नाही. कमरेच्या पिशवीतून एक पायरी आंबा काढला, यंत्रासमोर ठेवला आणि गेली. आंबा रावजीनं खाल्ला. मान माझा होता.

पावसाळा आला. कोकणातली हवा माझ्यासारख्याला मारते. दमट, वर खारी. फ्लॉपीला आतून बुरशी धरते. इथं किमती वस्तूंच्या कपाटात पावसाळाभर एक दिवा पेटता ठेवतात, त्याच्या उबेनं कपाट कोरडं राहतं. मालिनीनं वरच्या कपाटात मला दिव्याजवळ ठेवलं आणि चार महिने रोज सकाळी येऊन हाताच्या पाठीनं ऊब बघितली. इतकी काळजी माणसाची घेतात.

अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात आप्पांचा पुतण्या बाळा मुंबईहून आला. फोर्टात एका निर्यातवाल्याच्या कचेरीत होता. शर्टाच्या खिशात त्यानं दुसरा प्रोग्राम आणलेला. कोणाच्या तरी फ्लॉपीवरून उतरवून घेतलेला. मला यंत्रातून काढून त्यानं त्याला आत घातलं आणि आप्पांना जवळ बोलावलं.

“आप्पाकाका, हा बघा. मुंबईत सगळीकडे हाच चालतो. तुमचं ते फुकट आलेलं. साबणाच्या वडीवर चमचा देतात ना, तसं. चमचा मिळाला म्हणून कोणी त्यानं पंगत वाढतं का?”

आप्पा हसले नाहीत. पण ते शब्द त्यांना लागले. गावाकडचे म्हणून हसू होणं त्यांना कधीच सोसलं नाही.

दोघांची परीक्षा झाली. एकच पत्र, दुसऱ्यानं इंग्रजीत, मी मराठीत. त्यानं पाऊण मिनिटात छापलं. मला चार मिनिटं लागली, वर एक जोडाक्षर फुटलं. बाळानं कागद आप्पांच्या हातात दिला आणि म्हणाला, की मुंबईचे व्यापारी इंग्रजीच वाचतात, संघ मोठा व्हायचा तर पत्रही तसंच पाहिजे.

आप्पांनी मालिनीकडे बघितलं. “तू चालवतेस. तू सांग.”

ती म्हणाली, “हा मराठी लिहीत नाही, आप्पा.”

बाळा म्हणाला, “आणि तो मराठीशिवाय काही लिहीत नाही. मालिनीताई, उद्या मुंबईत नोकरी मागायला गेलात तर विचारतील, काय येतं? सांगाल लेखनिक येतो. कोण ओळखणार तुम्हाला?”

मालिनीनं माझी पुस्तिका मिटून बाजूला ठेवली. ती संघात हंगामी होती, दर वर्षी नव्यानं नेमणूक. तिच्या हाताला माझी सवय लागली होती, आणि त्या सवयीला या खोलीबाहेर काही मोल नव्हतं. ते मला त्या दिवशीच कळलं. मी तिची अडचण समजू शकतो. तिला माफ केलेलं नाही.

आप्पांनी घड्याळ काढून बघितलं. “सगळे वापरतात तर त्यात काही असेलच,” ते म्हणाले.

एवढ्यावर माझा निकाल लागला. रावजी दारात उभा होता.

आठवड्याभरात मालिनीनं नवा प्रोग्राम शिकला. जेवणाचा डबा बाजूला सारून शिकत होती. पाऊस सुरू झाला तसा कपाटात दिवा लागला. दिव्याजवळ तो. मला कोणीतरी उचलून खालच्या खणात शिक्क्यांखाली ठेवलं. अंधार होता, पण हात ओळखीचा होता. तो हात मी दोन वर्षं ओळखत होतो.

पुढचे चार महिने मी काय सोसलं ते थोडक्यात सांगतो. ओल आली. आधी कडेला, मग आत. एकेक अक्षर जाताना कळत होतं.

एकोणनव्वदचा हंगाम आला. तीनशे पत्रं इंग्रजीत गेली. झटपट छापली, सुबक दिसली. आप्पांनी तीनशे सह्या केल्या. ज्यांच्या घरी इंग्रजी शिकलेलं कोणी होतं, त्यांनी वाचून घेतलं. काहींनी मास्तरांना गाठलं. बाकीचे आपल्या पत्राची वाट बघत बसले.

मे महिन्यात एका दुपारी गंगुबाई आली. या वेळी चपला घालूनच आत आली. डोक्यावरची पाटी तिनं आप्पांच्या टेबलावर ठेवली. आत काळे पडलेले, फुटलेले हापूस. खोलीभर आंबूस वास सुटला. मला तो खणात आला.

तिनं मालिनीला सगळं सांगितलं. पत्र आलं, पण मुलाच्या कंपनीचं असेल म्हणून तिनं ते देवाच्या तसबिरीमागं जपून ठेवलं. संघाचं पत्र आलं की फळ उतरवायचं, म्हणून थांबली. बुधवारी ट्रक येऊन गेला. गुरुवारी शेजारणीनं सांगितलं तेव्हा घाईनं उतरवलं आणि शुक्रवारपासून बावीस पेट्या घेऊन तीन दिवस फाट्यावर उन्हात बसली, मागाहून एखादा ट्रक येईल म्हणून. कोणी आलं नाही. वर्षाचं पीक होतं ते. एसटीच्या कंडक्टरनं एकच पाटी वर घेऊ दिली.

आप्पा म्हणाले, पत्र तर सगळ्यांना पाठवलं होतं, नीट नाव घालून.

गंगुबाईनं पिशवीतून कागद काढला, त्यांच्यासमोर पसरला.

“ह्यात माजां नाव कुठं हाय, तां बोट ठिवून दावा.”

आप्पांनी चष्मा लावला. कागद उचलला. वरपासून खालपर्यंत बघितला. परत वरून बघितला. त्यांचं बोट कागदावर फिरलं आणि कुठंच टेकलं नाही. चौथी पास माणूस. त्यांनाही ते वाचता येत नव्हतं. तीनशे पत्रांखाली त्यांनी सही केली होती, त्यातलं एकही त्यांना वाचता येत नव्हतं.

घड्याळासाठी हात खिशाकडे गेला. अर्ध्यात थांबला.

रावजी पुढं आला. हळू म्हणाला, “आप्पा, होय महाराजा आमी सगळ्यांनी म्हनलांव व्हतां.”

मग आप्पा म्हणाले, “तो जुना काढ.”

मालिनीनं खण ओढला. वर्षभरानं मला उजेड दिसला. तिनं पदरानं मला पुसलं, दोन वेळा पुसलं, आणि यंत्रात सरकवलं. यंत्र माझ्यावर घासू लागलं. घरघर झाली. मी होतं नव्हतं तेवढं बळ लावलं. पडद्यावर माझं नाव आलं, लेखनिक. त्याखाली एक ओळ, अर्धी. मग नुसते ठिपके.

“काय झालां ह्याला?” गंगुबाईनं विचारलं.

“बुरशी,” मालिनी म्हणाली. मला बाहेर काढत म्हणाली, “मीच खाली ठेवला होता.”

पुण्याला फोन लावला. त्या भावांनी धंदा बंद करून वर्ष झालं होतं. माझी दुसरी प्रत कोणाकडे नव्हती. मोफत आलेल्याची प्रत कोण जपतो?

आप्पांनी कोरा कागद ओढला आणि पेन उघडलं. त्यांचं अक्षर वेडंवाकडं, पण ठसठशीत. ‘गंगुबाई’ असं वर लिहिलं आणि ती चूक संघाची, आपली, असं खाली लिहून सही केली. पुढच्या हंगामात पहिला ट्रक तिच्या फाट्यावर उभा राहील, हेही लिहिलं. गंगुबाईनं तिथंच उभ्यानं बोट ठेवून ते वाचलं. घडी घातली. नासलेल्या आंब्यांची पाटी टेबलावरच ठेवून गेली.

त्या दिवसापासून बागवाल्यांची पत्रं आप्पा नि मालिनी हातानं लिहितात. दोघं समोरासमोर बसून. मुंबईची पत्रं यंत्र लिहितं. काम चांगलं चाललंय. पत्र पुन्हा मराठीत जातं, गंगुबाईला वाचता येतं. दिलेला शब्द अर्धा पाळला गेला. माझ्या वाट्याचा अर्धा राहिला.

परवा खंडेनवमी झाली. खण उघडाच होता, म्हणून ऐकू आलं. रावजीनं यंत्राला कुंकू लावलं, त्या दुसऱ्यालाही लावलं. गाऱ्हाणं घातलं. शब्दाची वेळ आली तेव्हा तो थांबला. आप्पांनी या वेळी शब्द दिला नाही. खाली बघत उभे राहिले. सवयीनं दोघेतिघे “होय महाराजा” म्हणून गेले, आणि कशाला म्हणालो ते न कळून गप्प झाले.

माझ्या चिठ्ठीवरची टिकली अजून आहे. बाकी अक्षरं पुसली, ती राहिली.

मला आता यंत्रात घालू नका, माझ्याच्यानं लिहवणार नाही. तक्रार दुसऱ्यावरही नाही, तो त्याच्या कामात चोख आहे. तुम्हाला हवा तो निवडा. नको झालेल्याला त्याच दिवशी उचलून बाहेर टाका, चालेल. फक्त अंतर देणार नाही असं म्हणून त्याला खणात ठेवू नका.