चढावरची डोली

मी एक जुनी डोली आहे. नवरीची नव्हे, आजाऱ्याची. एक जाड बांबू आणि त्याला झोळीसारखं बांधलेलं घोंगडं, एवढंच माझं अंग. उमरठच्या पुढे डोंगरात आमची वाडी आहे. तिथवर गाडीरस्ता नाही. कुणाला साप चावला, कुणी बाळंतपणात अडली, की चार माणसं मला खांद्यावर घेतात आणि खालच्या डांबरी रस्त्यावर पोचवतात. लोक मला माउली म्हणून हात जोडतात. मित्रांनो, मला ते आवडत नाही. का, ते सांगते.

मला बुद्धरत्नने घडवलं. हा आमच्या वाडीतला गवंडी, अंगाने दणकट. माझा बांबू त्यानेच तोडला, आगीवर शेकला, तेल पाजून चिवट केला. उतारावर सगळा भार पुढच्यावर येतो, म्हणून पुढचा खांदा कायम त्याचा. वाडीतल्या राहीबाईला साप चावला तेव्हा भर पावसात तो पुढे होता. ती वाचली. त्याच्या खांद्याला घट्टा पडला होता, तो मला ओळखीचा झाला होता.

मग कोरोनाची दुसरी लाट आली आणि बुद्धरत्नच तापाने फणफणला. त्याला श्वास पुरेना. लोक दारं लावून बसले. त्याचे दोस्त जानू आणि रामजी तेवढे तोंडाला पंचे गुंडाळून आले. आणखी दोघांना हाका मारून त्यांनी त्याला माझ्यात घातलं, खाली आणलं, आणि जीपच्या टपावर मलाही बांधलं. महाडच्या दवाखान्यात स्ट्रेचर मोकळं नव्हतं. वॉर्डाच्या दारापर्यंत त्याला मीच नेलं. नंतर मला बाहेर खिडकीशी टेकवून ठेवलं.

ऑक्सिजन लावला. ताप उतरला, दम कमी झाला. "म्याडम, मी बरा झालो, सोडा मला," असं म्हणत तो खाटेवरून उठला आणि दोन पावलांत धाडकन पडला.

दवाखान्यातल्या डॉक्टर इरावतींनी छातीला तारा लावून ठोक्यांची पट्टी काढली, रक्त तपासलं, हृदयाची सोनोग्राफी केली. मग त्याच्याजवळ येऊन म्हणाल्या, "फुप्फुसं सुधारताहेत. पण तुमच्या हृदयाच्या स्नायूला सूज आली आहे. ठोके चुकताहेत. कोरोनाच्या काही पेशंटना असं होतं."

"माझं काळीज बैलाचं हाय, म्याडम."

"आजारी बैलाला कुणी नांगराला जुंपतं का? सूज पूर्ण उतरेपर्यंत ओझं नाही, चढ नाही."

"चढ नाय? अवो, घरच चढावर हाय माझं!"

डॉक्टरीणबाईंनी खिडकीबाहेर माझ्याकडे पाहिलं. "मग चालत जायचं नाही. एवढं माझं ऐका."

औषधांनी ठोके ताळ्यावर आले आणि त्याला घरी सोडलं. डोंगराच्या पायथ्याशी जीपच्या टपावरून मला सोडून जानू, रामजी आणि वाडीतला सहदेव उभे राहिले. चौथा खांदा मिळाला नव्हता. बुद्धरत्नने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. "मी लोकांना उचलनारा. मला उचलनार? नाय बसनार." तो तरातरा चढू लागला. पहिल्याच वळणाला छाती धरून दगडावर बसला. चेहरा घामाने डबडबला, ओठ पांढरे पडले.

त्याची बायको राजश्री धावत गेली. ती रडली नाही, चिडली. "तुमी राहीबाईला उचलून न्हेली, तवा तिची आब्रू गेली काय? मग तुमची कशी जाते?" पदर कमरेला खोचून ती माझ्या पुढच्या टोकाला येऊन उभी राहिली. "चौथा खांदा माझा. बसा गुमान."

जानू म्हणाला, "वैनी, पुढच्याला वाट शोधावी लागते गो."

"लागू दे."

बुद्धरत्न बसला. साऱ्या वाटेत तो राजश्रीला पुढचे खड्डे आणि निसरडे दगड सांगत राहिला.

पुढे तपासणीसाठी मी त्याला अनेकदा खाली नेलं. पावसाळ्यात वाट खचली आणि रामजीचा पाय घसरला. मी कलंडले. दरीच्या तोंडाशी करवंदीच्या जाळीने आम्हाला अडवलं. त्या दिवशी सगळे सुखरूप घरी आले, पण मला स्वतःचा राग आला. सुजलेल्या काळजाच्या माणसाला असं झुलवत नेणारी मी कसली माउली?

सुगीनंतर सोनोग्राफी चांगली आली. हळूहळू चालायची परवानगी मिळाली. त्याच सुमारास, वाडीने रस्ता मागितला म्हणून, एक मोठे सरकारी साहेब आमची पाऊलवाट तपासायला आले. पायथ्याशीच थांबून म्हणाले, "वाट तशी बरी आहे की! आणि तुमची ही डोली, काय एकोपा आहे! हिला प्रदर्शनात ठेवायला हवी. एक फोटो घेऊ."

बुद्धरत्न पुढे झाला. "फोटो नको, सायेब. आत बसा."

"मी?"

"माझ्या काळजाला सूज होती तवा मी बसलो. तुमी तर ठणठणीत हाव."

साहेब हसत बसले. उभ्या चढाला दरी दिसू लागली तसे त्यांनी बांबू दोन्ही हातांनी घट्ट धरला. खचलेल्या जागी ओरडले, "उतरवा, उतरवा मला!"

"आजाऱ्यानं कुठं उतरायचं, सायेब?" पुढच्या खांद्यावरून राजश्रीने विचारलं.

साहेब वर पोचेपर्यंत तसेच बांबू धरून राहिले. त्यानंतर रस्त्याची मोजणी झाली, चुन्याच्या रेघा पडल्या. आज रस्ता निम्म्या डोंगरापर्यंत आला आहे. उरलेल्या निम्म्यासाठी राजश्री आणि बुद्धरत्न दर ग्रामसभेत उभे राहतात.

मित्रांनो, ताप उतरला म्हणजे आजार संपला, असं मानू नका. छाती धडधडली, चक्कर आली, थोड्या चालण्याने दम लागला, तर अंगात रग आहे म्हणून दडपू नका, दाखवा. आणि माझ्यासारख्या वस्तू नेहमी शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. वरच्या शेवटच्या घराशी गाडी येऊन थांबेल, त्या दिवशी मला फोडा आणि चुलीत घाला. त्यावर चहा ठेवा, आणि पहिला कप त्या ड्रायव्हरला द्या.