उशिरा जागा होणारा लॅपटॉप

सासऱ्यांचा लॅपटॉप सुरू होईपर्यंत भल्याभल्यांचा धीर सुटे. कळ दाबायची, गरगर फिरणाऱ्या ठिपक्यांकडे बघत बसायचे आणि त्याच्या मर्जीची वाट पाहायची. धाकट्या दिराने पाहताक्षणी निदान केले.

"पोट फुगलंय त्याचं. आईची रेकॉर्डिंग काढून टाका, बाबा. पळायला लागेल."

सासूबाईंनी नातीसाठी वाचून ठेवलेल्या गोष्टी त्यात होत्या. सासूबाई गेल्यानंतर त्यांचा आवाज तेवढा तिथेच उरला होता. तरी मुलगा म्हणतो तर खरेच असेल, म्हणून सासऱ्यांनी माउसला हात घातला.

प्रयोगशाळेत धातूंच्या चाचण्या घेणारी सून नुकतीच घरी आली होती.

"थांबा, बाबा. भावजी, कपाट भरलं म्हणून दार उघडायला वेळ लागतो का?"

"लागतो की! तुमचं उघडलं तर कपडे अंगावर कोसळतात, वहिनी."

"ते ठासून भरल्यावर. इथे निम्मी डिस्क रिकामी आहे."

तिने गोष्टींची प्रत वेगळी ठेवली, मूळ फायली तात्पुरत्या बाहेर हलवल्या आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला. ठिपके पूर्वीइतकेच रेंगाळले. तिने फायली जागच्या जागी परत ठेवल्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही तिची शिस्त. दीर मात्र एकदम चार उपाय करी. मग गुण कशाला आला, हे त्यालाही सांगता येत नसे.

आता तिने लॅपटॉपबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी उघडली.

"वेग वाढवणारे, कचरा काढणारे, वर त्यांच्यावर नजर ठेवणारे! कोणी बसवले हे?"

"यानेच," सासरे निरागसपणे म्हणाले. "येतो तेव्हा एखादा घालून जातो."

"म्हणजे मी चोर सोडून संन्याशाला सुळावर देत होतो," दीर पुटपुटला.

ते बंद करून लॅपटॉप पुन्हा सुरू करताच फरक उघड दिसला. "उरलेला वेळ ही फिरणारी जुनी डिस्क खाते. सुट्टीच्या दिवशी चिपवाली बसवू," सून म्हणाली.

"त्यात ती येईल ना?" सासऱ्यांनी विचारले.

"शब्दन् शब्द येईल."

नवी डिस्क बसली त्या दिवशी सासरे चष्मा शोधेपर्यंत लॅपटॉप तयार होता. त्यांनी पहिलीच गोष्ट लावली. सासूबाई नातीला दटावत होत्या, "मध्ये बोलायचं नाही हं!"

निघायला उठलेला दीर मुकाट्याने खाली बसला.